गिधाडांची पहिली गाय

आमच्या घरी हेवा हा शब्द कोणी वापरत नसे. आई म्हणायची, "पोटात दुखता तिच्या," आणि ओव्याची चिमूट पुढं करायची. त्या दोन वर्षांत मी किती ओवा चघळला ते देवालाच ठाऊक. वैजू आमच्याकडे राहायला आली त्या दिवसापासून माझं ते दुखणं सुरू झालं, आणि ते ओव्यानं जाणारं नव्हतं. वैजू माझी आतेबहीण, माझ्याहून तीन महिन्यांनी लहान. आते पेडण्याकडच्या चोपड्याला नदीकाठी दिलेली, तिचे यजमान मुरगावच्या बंदरात कामाला, ते पंधरा दिवसांनी घरी येणार. चोपड्याहून डिचोलीकडचं कॉलेज रोज करणं कठीण, म्हणून बाबांनी बहिणीला निरोप धाडला, पाठव पोरीला आमच्या गावी सर्वणला, आमच्या नंदाला सोबत होईल. नंदा म्हणजे मी. सोबत हवी आहे का, असं मला कोणी विचारलं नाही.

ती आली ती पत्र्याची पेटी आणि सुक्या बांगड्यांचा डबा घेऊन, आणि पहिल्याच दिवशी जनेलाजवळची, म्हणजे खिडकीखालची, माझी झोपायची जागा तिला मिळाली. आई म्हणाली, नदीकाठची पोर ती, तिला वाऱ्याची सवय. मला काय वाऱ्याचं वावडं होतं? पण मी उशी उचलून भिंतीकडे सरकले. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजायचा, मी डोळे चोळत उठेपर्यंत ही बाई गोल पावाचे उंडे घेऊन, चहाचं आधण ठेवून, वर आईच्या केसांना तेल लावायला बसलेली असायची. पेजेबरोबर तिनं केलेली सुक्या बांगड्याची किसमूर असली की बाबा ताट पुसून खायचे. तीच किसमूर मी केली की म्हणायचे, "खोबरा थोडा कमी पडला मगो." आईचं तर पालुपदच झालं होतं, "बघ गो बघ, तुका सांगूक लागता, तिका दिसता!" कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तेच. आणि ती तिखटसुद्धा नव्हती, हे माझं खरं दुःख. तिखट असती तर भांडता आलं असतं. रात्री माझे पाय दुखले तर न सांगता चेपून द्यायची. असल्या माणसाचं काय करायचं?

माझं म्हणून एकच होतं, ते म्हणजे सडा. गावाच्या वर कातळाचं पठार, पावसात हिरवं आणि एरवी करपलेलं, पलीकडच्या अंगाला खाणीचा रस्ता आणि त्यावरून धावणारे टिपर. सुट्टीच्या दिवशी गुरं घेऊन मी वर जायची. आमची तीन गुरं, त्यांतली तांबू सर्वांत जुनी. मी रांगत होते तेव्हा ती पहिलारू होती, असं आई सांगायची. सड्याच्या उतरणीला एक प्रचंड घोटींग आहे, म्हणजे बेहड्याचं झाड. त्याच्या शेंड्यावर गिधाडं बसायची. मी लहान असताना मोजता येत नसत इतकी, आणि मग वर्षावर्षाला कमी होत गेली. ह्या गोष्टीतल्या वर्षी सात उरली होती. पाठीवर पांढरा पट्टा, उघडी मान, आणि बसणं असं की शाळेच्या मास्तरांनी पाठ टेकून डुलकी घेतलीय. मी त्यांच्याबद्दल घरी बोलत नसे. घराच्या कौलावर गिधाड बसलं तर भटजी बोलावून शांती करणारी माणसं आम्ही, त्यांचं कौतुक कोणाला सांगणार?

ते मी वैजूला सांगितलं. एकदा कॉलेजात प्राणिशास्त्राचे सर म्हणाले की गोव्यातून गिधाडं जवळजवळ संपली, आता बघायची तर नशीब लागतं. घरी येताना बसमध्ये मी फुशारकीनं म्हटलं, "नशीब कसला, आमच्या घोटींगावर सात बसलेली आसत." तिला खरं वाटेना. मग रविवारी मी तिला वर नेलं, झाडाखाली उभं केलं, आणि तिचं तोंड उघडं राहिलेलं बघून मला आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापेक्षा उंच वाटलं. ते सुख सोमवारी दुपारपर्यंत टिकलं. सोमवारी तिनं सरांना सांगितलं, सर दुर्बीण घेऊन आले, आणि महिनाभरात सगळ्या कॉलेजात झालं, "वैजयंतीनं शोधलेली गिधाडं." ती बिचारी प्रत्येकाला सांगायची की दाखवली नंदानं. पण लोक तिचं ऐकून हसायचे आणि म्हणायचे, किती साधी आहे बघा. आयत्या बिळावर नागोबा कसा होतो ते मी तेव्हा बघितलं, आणि नागोबाची पूजाही बघितली.

सरांनी आम्हांला बसवून समजावलं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅकची सुई मारतात. गुराला आराम पडतो. पण ते औषध अंगात असताना गुरू मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि ते मान खाली टाकून दोन-चार दिवसांत मरतं. दुसरी गोष्ट उपासमार. आमच्याकडे आता कोणी मेलेलं गुरू उघड्यावर टाकत नाही. आमच्याकडची रीत अशी, की गाय मेली की तिला माडाच्या मुळात खड्डा काढून, मीठ घालून पुरायचं. माड पुढच्या वर्षी लगडतो, आणि गाय घरातच राहिली असं माणसांना वाटतं. वाईट काहीच नाही त्यात. फक्त गिधाडांच्या ताटात काही पडत नाही. तेव्हा ठरलं असं, की गावोगाव फिरून लोकांकडून शब्द घ्यायचा: गुरांना ती सुई मारणार नाही, आणि गुरू मेलं तर माडाखाली न पुरता सड्यावर नेऊन ठेवणार. दोन्ही गोष्टी एकत्र. सुई मारलेलं गुरू सड्यावर म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून विष वाढणं, असं सर बजावायचे. कॉलेजातली आठ-दहा पोरं-पोरी जमली, नावांची वही वैजूच्या हातात गेली. आणखी कोणाच्या जाणार?

गावातला प्रत्येक गुरंवाला दिवसातून दोनदा ज्या एकाच ठिकाणी येतो ते म्हणजे दूध सोसायटी. वैजू बाबांच्या हातातला दुधाचा कॅन काढून घेऊन रोज सकाळी तिथं जाऊ लागली. रांगेत उभं राहायचं, फॅट लागेपर्यंत बोलायचं. पहिले आठ दिवस नुसती टवाळी. "गिधाडां वाचवूक निघाल्यात! आदी माणसां वाचवा गो!" एक म्हातारे आबा होते, दोन म्हशींचे मालक, जिभेचा पट्टा असा की सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा त्यांना टरकायचा. ते म्हणाले, "गिधाडाक घास दी म्हणतंस, आनी उद्या ता माझ्याच कौलार येऊन बसला तर?" वैजू हसून म्हणाली, "आबा, पोट भरलेला पावणा कोणाच्या कौलार बसाक येता काय? उपाशी तो येता." रांग खो खो हसली. आबासुद्धा. आणि त्यांनी वहीत अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी जाते. जाताना पाठ केलं होतं सगळं. रांगेसमोर उभी राहिले आणि सरांसारखं बोलायला गेले, मूत्रपिंड, पर्यावरण, साखळी. कोणीतरी मागून म्हणालं, "फॅट किती लागली ता सांग!" मी चिडले. म्हटलं, तुम्हा अडाण्यांना सांगून उपयोग नाही. झालं. त्या दिवशी दोघांनी वहीतली नावं खोडायला लावली. घरी परतताना रिकामा कॅन माझ्या गुडघ्याला लागत होता आणि मी रडत होते. वैजूनं ती दोन नावं संध्याकाळी परत मिळवून आणली आणि मला एका शब्दानं बोलली नाही. एक शब्द बोलली असती तर मी तिला माफ केलं असतं.

पण आठ महिन्यांत एक गोष्ट मात्र तिच्यानं झाली नाही, आणि ती मला बरी वाटायची, खोटं कशाला बोलू. वहीत तीसच्या वर घरं होती, पण गुरू एकही सड्यावर गेलं नव्हतं. शब्द देताना गाय जिवंत असते. मेल्यावर माणसाला माड दिसतो. एकाची आई रडली, दुसऱ्याच्या भावानं अडवलं, तिसऱ्यानं वैजूला बघताच दार लोटून घेतलं. ती संध्याकाळी वही मांडीवर घेऊन पायरीवर बसायची. मी तिला चहा नेऊन द्यायची आणि आत येऊन खुशाल दोन उंडे जास्त खायची. आज चष्मा लावून हे लिहिताना लाज वाटते, पण त्या उंड्यांची चवही आठवते.

दिवाळी झाली, कापणी आली. बाबा वैजूला घेऊन आतेच्या मदतीला चोपड्याला गेले, आई तिच्या बहिणीकडे पेडण्याला, भाचीच्या बाळंतपणाला. मी घरी एकटी, रात्री झोपायला शेजारची काकू. पहिल्याच दिवशी तांबू सड्यावरून उतरताना घसरली आणि मागच्या पायावर बसली. चौघांनी टेकू देऊन कशीबशी गोठ्यात आणली. दुपारपर्यंत सांधा सुजून नारळाएवढा झाला. ती कण्हत होती. गाय हंबरते ते वेगळं, कण्हते ते ऐकवत नाही, माणसासारखं असतं. मी तिच्या तोंडाशी पेज धरली, तिनं मान फिरवली. मला बाकी काही सुचलं नाही. मी धावत जाऊन बाबल कंपावंडरला आणलं. एके काळी गुरांच्या दवाखान्यात होता, आता स्कूटरवरून घरोघर सुया मारत फिरायचा. मी त्याला विचारलं, कसली सुई? तो म्हणाला, "साधी गो, दुखण्यावरची." त्यापुढं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. आठ महिने ऐकत होते, आंधळ्यालाही कळलं असतं. पण ती कण्हायची थांबली, संध्याकाळी रवंथ केलं, आणि मी तिच्या गळ्यात हात टाकून बसले. ह्या एका गोष्टीबद्दल मी आजही स्वतःला बोल लावत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक सुई मारून बाबल मुलीकडे सावंतवाडीला निघून गेला. दोन्ही वेळा वाडा कापणीला शेतात गेलेला, त्याला आमच्याकडे येताना कोणी बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आणि वैजू परत आले. चौथ्या दिवशी पहाटे तांबू मेली.

बाबा गोठ्यात तिच्या शिंगाला हात लावून उभे राहिले, मग कुदळ काढली आणि विहिरीकडच्या माडाकडे निघाले. आणि माझ्या मनात आलं. कसं आलं ते सांगते, कारण हे लिहायचं तेच कारण आहे. तांबूचं दुःख होतंच. पण त्या दुःखाच्या बाजूनं एक विचार उंदरासारखा सरकला: पहिली गाय. वैजूला आठ महिन्यांत जमलं नाही ते. मी बाबांच्या आडवी गेले. म्हटलं, तांबूला सड्यावर नेऊया.

"गाय खंयच जावची नाय," बाबा म्हणाले. "माडाच्या मुळात रवतली. माझ्या आवशीन वाडवलेली ती."

"बाबा, ती आयुष्यभर सड्यार चरली. तिका थंय बरा वाटतला. आनी आमच्याच घरातली पोर गावभर लोकांका सांगत फिरता, आनी आमची गाय माडाखाली? लोक काय म्हणतले?"

मी इतकं चांगलं कधी बोलले नव्हते. आबांना वैजू जशी बोलली तशी, साधी, समोरच्याच्या काळजाला धरून. बाबांनी कुदळ भिंतीला टेकली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हणाले, "ने तर मग." वैजू गोठ्याच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते. मग ती माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं. प्रत्येक घरी विचारायची तसंच, हलक्या आवाजात.

"नंदा, सुई मारलेली काय गो तिका?"

"नाय."

"बरोबर याद कर. धा-पंधरा दिसांत कसलीच?"

"नाय म्हटला मगो! माझ्यार विश्वास नाय तुझो?"

ती वरमली. म्हणाली, तसं नव्हे गो, सगळ्यांना विचारते म्हणून. मी तोंड फिरवलं. मनाशी हिशेब चालूच होता: दोनच तर सुया, एवढी मोठी गाय, एवढंसं औषध, आणि गिधाडं येतील कशावरून, आठ महिने काय आली होती? माणूस स्वतःला फसवायला बसला की पुरावे आपोआप गोळा होतात.

टेंपोत घालून तांबूला वर नेली. गावात वाऱ्यासारखी बातमी गेली, नंदाच्या बापसान गाय दिली, नंदान त्याका पटयला. सोसायटीतले लोक बघायला आले, आबा आले, ज्यांनी नावं खोडली होती तेही आले. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आज तू खरं काम केलंस." आणि वैजू मागे, गर्दीत, टाळ्या वाजवत होती. हा क्षण मला हवा होता, अगदी असाच. तो मिळाला. त्या संध्याकाळी गिधाडं खाली आलीच नाहीत आणि मी देवाला मनात नारळ बोलले, उद्याही येऊ नकोत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती आली. आधी एक, उंच, पंख न हलवता. मग घोटींगावरची बाकीची उठली. सातही. आम्ही कातळाच्या आडोशाला दबून बसलो होतो, वीसेक माणसं, खाणीच्या रस्त्यावर दोन टिपर थांबलेले, त्यांचे ड्रायव्हर टपावर चढून बघत होते. गिधाडं लगेच खात नाहीत. तांबूपासून वीस हातांवर उतरून ती बसून राहिली, एकमेकांकडे बघत, लग्नात पहिल्या पंगतीला कोणी बसायचं ह्यावर म्हातारे अडतात तशी. अर्धा तास गेला असेल. अजून सांगता येईल, मी मनाशी म्हणत होते, अजून कोणी चोच लावलेली नाही. आणि मग म्हणत होते, आता सांगितलं तर काल खांद्यावर ठेवलेला हात काय म्हणेल?

एक गिधाड उड्या मारत पुढं झालं आणि त्यानं मान घातली. मग दुसरं. मागं कोणीतरी हुंदका दिला, बहुधा बाबांनी. आणि वैजूनं माझा हात घट्ट धरला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती माझ्या कानाशी म्हणाली, "तुझ्यामुळे गो नंदा. माझ्यान जमला नाय ता तुझ्यामुळे." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. शोधून बघितलं, खरंच सांगते. कुठंतरी एक डाग असेल, ओठाच्या कोपऱ्यात थोडं कडू. काही नव्हतं. जे मला वर्ष-दीड वर्ष रोज पोटात जाळत होतं, त्यातला कणभरही तिच्यात नव्हता. तिला माझा हेवा वाटत नव्हता. इतका राग मला तिचा कधी आला नव्हता, आणि त्या रागाच्या भरातच माझ्या तोंडून निघालं, "वैजू, सुई मारलेली. दोन."

तिनं हात सोडला. क्षणभर बघितलं माझ्याकडे, आणि मग ती उठून धावत सुटली. सड्यावर, सगळ्यांच्या समोर, ओढणी फडकावत, दगड उचलून भिरकावत, "हूश! हूश! जावा! वयर जावा!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत. जी गिधाडं खाली यावीत म्हणून ती आठ महिने दारोदार फिरली, त्यांना दगड मारत होती. "ह्या चेडवाक काय झाला?" आबा उठून उभे राहिले. टिपरवाले हसायला लागले. सात गिधाडं जड जड उडाली आणि दरीकडे गेली. त्यांतल्या दोघांच्या चोची लाल होत्या.

सर धावत तिच्याजवळ गेले, मागून सगळे. मी मागे होते. तिला धाप लागली होती. ती म्हणाली, "सर, गाईला सुई मारलेली होती. चूक माझी. मी नंदाला विचारलंच नाही. घरची गाय म्हणून विचारायचं राहिलं. तिच्या लक्षात आलं तसं तिनं सांगितलं."

मी तोंड उघडायला हवं होतं. माझ्यापासून ती चार हातांवर होती. सर तिला सगळ्यांसमोर बोलले, खूप बोलले, एवढी एकच गोष्ट विचारायची असते, आणि तीच तू विसरतेस? ती मान खाली घालून उभी. आणि मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला वेळेवर आठवलं म्हणून निदान पाच वाचली." मी मान हलवली. हो, हलवली. बाबांनी आणि इतरांनी तांबूला परत टेंपोत चढवलं आणि खाली नेऊन विहिरीकडच्या माडाखाली पुरलं. मीठ मी आणून दिलं.

चार दिवसांनी एक गिधाड घोटींगाच्या मुळाशी मेलेलं सापडलं, मान पोटाखाली गेलेली. दुसरं मिळालंच नाही. त्यानंतर झाडावर पाचच बसायची. सरांनी नावांची वही माझ्याकडे दिली. शेवटी मिळाली एकदाची. मी ती तीन आठवडे उशाखाली ठेवली आणि एका घरी गेले नाही. रात्री अंथरुणावर मी वैजूला विचारलं, असं का केलंस? ती जनेलाकडे तोंड करून म्हणाली, "मामाक खरा कळला असता तर तुझी धडगत होती काय? आनी माका कोण काय बोलतलो? मी परकी." ती आमच्या घरात स्वतःला परकी समजत होती, हे मला तेव्हा कळलं. मला वाटायचं परकी मी झाले.

वही तिला परत दिली. ती दुसऱ्या दिवशी कॅन घेऊन सोसायटीत गेली आणि रांगेत उभी राहून तिनं सांगितलं: मी एक प्रश्न विचारला नाही, आणि दोन जीव गेले. टवाळी झाली नाही. आबांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाले, माझ्या धाकट्या म्हशीला गेल्या महिन्यात मारली होती, कोणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही. मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. बाबल सावंतवाडीहून आला तर लोक त्याला आधी औषधाची बाटली दाखव म्हणायला लागले. शिमग्याच्या सुमारास आबांची थोरली म्हैस मेली, सुईशिवाय, आणि त्यांनी स्वतः टेंपो आणला. पाचही जणांनी पोटभर खाल्लं. मी गेले नव्हते. डोकं दुखतं म्हणून घरी पडून होते, आणि आईनं ओवा आणून दिला.

वैजू त्याच कामात राहिली. लग्न होऊन पुन्हा पेडण्याला गेली, तिथून सिंधुदुर्गापर्यंत गावोगाव फिरली. शाळांतून बोलते, पंचायतींतून बोलते, आणि जिथं बोलते तिथं सुरुवात त्याच गोष्टीनं करते, माझ्या हातून झालेली चूक. बायका डोळे पुसतात. एवढ्या मोठ्या मनानं स्वतःची चूक सांगणारी बाई, असं म्हणतात. गेल्या महिन्यात डिचोलीला तिचा सत्कार झाला, शाल, नारळ, सगळं. मी पहिल्या रांगेत बसले होते, बहीण म्हणून. तिनं तीच गोष्ट सांगितली, घरची गाय म्हणून विचारायचं राहिलं. आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, ह्या वयात. माझी जागा घेतलीस, माझा सडा घेतलास, माझी गिधाडं घेतलीस, ते जाऊ दे. पण माझं पाप? तेही तुझ्याच अंगावर शोभून दिसावं?

कार्यक्रम संपल्यावर मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, वैजू, आता बाबा नाहीत, कोणाची भीती नाही. आता तरी खरं सांग लोकांना.

ती शालीची घडी करत होती. थकली होती. म्हणाली, "तू सांग मगो. मी खंय आडयलां तुका?"

इतक्या वर्षांत तिनं मला टोचून बोललेलं हे एकच वाक्य. बसमध्ये बसले आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खरंच की. कोणी अडवलं होतं?

म्हणून लिहिते. वैजूची चूक नव्हती. तिनं विचारलं होतं. आमच्या गोठ्याच्या दारात, तांबूच्या शेजारी उभं राहून, एकदा नव्हे, दोनदा विचारलं होतं. आणि दोन्ही वेळा नाही म्हटलं ते मी.